पदविका, पदवी आणि मधले गणित

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी ह्या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाचे निकाल लागले, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘एम-थ्री राहिला.’ अभियांत्रिकी गणिताच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेस विद्यार्थ्यांनी दिलेले हे नाव आहे. विषय ‘गेला’ असेही म्हणतात. पण ‘राहिला’ ह्या क्रियापदात जे मागे उरले आहे ते पुढे केव्हातरी उचलून न्यावयाचे आहे, असा एक जास्तीचा भाव आहे. तो अस्थानी नाही. राहिलेला विषय खरोखरच मागे मागे येतो. पदवीचा कागद अडवितो आणि राहिलेला विषय असलेल्या उमेदवारास मुलाखतीसही न बोलावण्याचा अनेक कंपन्यांचा शिरस्ता असल्यामुळे नोकरीही अडवितो.

हे वाक्य उच्चारणाऱ्यांत तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट आलेले विद्यार्थी लक्षात येण्याइतके असतात. त्याचे कारण वरवर पाहता अगदी सरळ आहे. ‘एम-थ्री’च्या आधी ‘एम-वन’ आणि ‘एम-टू’ असतात, आणि ते दोन्ही पहिल्या वर्षात असतात. ज्याने पहिले वर्ष केलेच नाही त्याने ते दोन्ही वाचलेले नसतात. तथापि हे अंतर निर्माण कसे झाले, त्याची जाणीव नियम करणाऱ्यांना होती काय, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत खरे अंतर नेमके कोठे पडते, हे प्रश्न इतके सरळ नाहीत. प्रस्तुत निबंधात त्यांचाच विचार करावयाचा आहे. लेखक गणितज्ञ नाही, भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु विवेचनाच्या ओघात हा प्रश्न अखेर भाषेच्याच दारात येऊन उभा राहतो असे दिसून येईल.

आपल्या प्रांतातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ मुंबईस १८२३ साली स्थापन झालेल्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनपासून धरता येतो. मोजणी आणि सार्वजनिक बांधकामे ह्यांसाठी एतद्देशीय तरुण तयार करावेत, हा तिचा हेतू होता. तिचे प्रमुख कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. त्यांतील काही चार्ल्स हटन ह्याच्या गणितग्रंथावर आधारलेली होती. हटनचा तो ग्रंथ इंग्लंडात वुलविच येथील लष्करी विद्यालयाच्या छात्रांसाठी लिहिलेला होता. म्हणजे वुलविचच्या छात्रासाठी जो ग्रंथ रचला गेला, तोच मुंबईच्या मराठी मुलापुढे मराठीतून ठेवावा, असे त्या वेळी वाटले. संस्था फार काळ टिकली नाही. पण ‘तुम्ही दुय्यम नोकर होणार, तेव्हा तुमच्यासाठी गणितही दुय्यम पुरे,’ असा विचार तिच्या ग्रंथनिवडीत तरी दिसत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तो विचार पुढे आला. पुण्यास १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले, ते बांधकामखात्याला लागणारे दुय्यम कर्मचारी तयार करण्यासाठी. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्यानंतर विद्यापीठाचा एल. सी. ई. हा अभ्यासक्रम पुण्याच्या ह्याच संस्थेत शिकविला जाऊ लागला, आणि एकाच आवारात दोन प्रकारचे विद्यार्थी वावरू लागले. एक विद्यापीठाची परीक्षा देऊन अभियंता होणारा, दुसरा ओव्हरसीअर होणारा. पहिल्याने पूल रचावयाचा आणि दुसऱ्याने त्याची मापे घ्यावयाची, असा हा श्रमविभाग होता. गणितही त्याच मापाने कापले गेले. ओव्हरसीअरला क्षेत्रफळ, घनफळ, त्रिकोणमिती आणि कोष्टके आली म्हणजे पुरे. कोष्टक ज्यातून निघते ते गणित त्याला कशाला हवे?

ह्याच आवारातून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या एल. सी. ई. झाले. ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. होऊन येथे आले होते. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर तेही दुसऱ्या संस्थेतून ‘वर’ येऊन दाखल झालेले विद्यार्थीच होत. फरक एवढाच, की ते पदवीचे शिक्षण पुरे करून आले होते, ओव्हरसीअरच्या वर्गातून नव्हे. ओव्हरसीअरच्या वर्गातून अभियंत्याच्या वर्गात जाण्याचा रुळलेला मार्ग नव्हता, आणि नव्हता म्हणूनच दोन्हींच्या गणितांची तुलना करण्याचा प्रसंगही कोणावर आला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या दुय्यम अभ्यासक्रमास नवे नाव, नवी इमारत आणि नवी प्रतिष्ठा मिळाली. पुण्याचे शासकीय तंत्रनिकेतन १९५७ सालचे, राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ १९६३ सालचे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले, आणि त्याच दशकात आकुर्डीस बजाज ऑटो, पिंपरीस टेल्को अशी मोटारधंद्याची ठाणी वसली. ह्या ठाण्यांना पदवीधरापेक्षा पदविकाधारक अधिक संख्येने हवा होता. यंत्रापाशी उभा राहून कामगाराची भाषा समजणारा आणि वर कार्यालयातील रेखाचित्रही वाचणारा असा हा मधला माणूस. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली झाली. ह्या वाढत्या नगराच्या मध्यमवर्गाची पहिली पिढी बऱ्याच अंशी ह्या मधल्या माणसांची आहे, हे येथील जुन्या वसाहतींतून हिंडताना कोणासही कळेल.

ह्या पिढीला वर चढण्याची जी शिडी उपलब्ध होती ती महाविद्यालयाची नव्हती. ती होती इन्स्टिट्यूशन ऑफ एंजिनिअर्सच्या ए. एम. आय. ई. परीक्षेची. पाळी संपवून रात्री अभ्यास करावयाचा, वर्षानुवर्षे एकेक विषय सोडवावयाचा. तिच्या पहिल्या विभागात गणित होते, आणि पुष्कळांची उमेद त्या गणितापाशीच खर्ची पडली. परंतु ह्या परीक्षेचा एक गुण मान्य केला पाहिजे : ती गणित उघडपणे मागत असे. मागणी कठीण होती, पण लपविलेली नव्हती. पुढे केंद्र सरकारने तिची पदवीशी असलेली समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित केली, आणि ती शिडी नव्या पिढीसाठी काढून घेतली गेली.

तोपर्यंत दुसरी वाट रुंद झाली होती. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस अनुमती मिळाली. त्यानंतरच्या दोन दशकांत ह्या पट्ट्यातही महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने निघाली, आणि संगणक ही शाखा दोन्हींत आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यवसायशिक्षण घेतलेल्यांना सामान्य, तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांत मधूनच प्रवेश मिळावा, आणि तो योग्य अशा सेतू-अभ्यासक्रमांच्या द्वारे मिळावा, असा विचार स्पष्ट मांडलेला आहे. ह्या विधानाला दोन अंगे आहेत, प्रवेश आणि सेतू. पहिले अंग झपाट्याने अमलात आले. पदविकेच्या गुणांवर, कोणतीही प्रवेशपरीक्षा न देता, पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट दाखल होण्याची पद्धत महाराष्ट्रात पक्की रुजली. दुसरे अंग ज्या त्या संस्थेच्या सवडीवर राहिले.

येथे नियमांच्या शब्दरचनेकडे थोडे बारकाईने पाहणे अवश्य आहे. दुसऱ्या वर्षाचा हा दरवाजा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने विज्ञानाच्या पदवीधरांसाठीही उघडला. त्यांच्या बाबतीत तिने दोन गोष्टी नावे घेऊन मागितल्या. बारावीस गणित विषय असला पाहिजे, आणि प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी आरेखन व अभियांत्रिकी यामिकी हे विषय दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर उत्तीर्ण झाले पाहिजेत. म्हणजे ‘ह्या विद्यार्थ्यापाशी काय नाही’ हा प्रश्न नियमकर्त्यांनी बी. एस्सी. झालेल्याच्या बाबतीत विचारला आणि त्याचे विषयवार उत्तरही दिले. पदविकाधारकाच्या बाबतीत तो विचारला गेला नाही. त्याच्यापाशी तीन वर्षांची पदविका आहे, तेव्हा एका वर्षाची सूट त्याला सहज देता येते, असा हिशेब झाला. तो वर्षांचा हिशेब आहे, विषयांचा नव्हे. माझ्या मते ह्या प्रकरणातील मूळ दोष हाच.

हे निराळ्या रीतीनेही करता येते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले. त्याच जातीच्या कम्युनिटी कॉलेजांतून विद्यापीठात जाण्याचा मार्ग कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या आपल्या बृहद्-योजनेत पद्धतशीर आखला. तेथे संगणकशास्त्रासाठी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यापुढे सामान्यतः विषयांची यादीच ठेवली जाते : कलनशास्त्राचे अमुक भाग, रैखिक बीजगणित, विविक्त गणित. ही यादी जाचक ठरते आणि तिच्यापायी मुलांची वर्षे जातात, अशा तक्रारी तेथेही आहेत. परंतु यादी निदान पाटीवर लिहिलेली असते. आपल्याकडे पाटी कोरी असते आणि दरवाजा उघडा असतो. आत गेल्यावरच पायरी चुकली हे कळते.

ती पायरी केवढी आहे हे पाहू. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ पासूनच्या रचनेत पदविकेचे गणित पहिल्या दोन सत्रांत संपते. पहिल्या सत्रात लॉगरिदम, निश्चयक, मॅट्रिक्स, आंशिक अपूर्णांक, त्रिकोणमिती, सरळ रेषा इत्यादी. दुसऱ्यात विकलन, संकलन आणि प्रथम कोटीची विकल समीकरणे. त्याच्या आधीच्या रचनेत तिसऱ्या सत्रातही गणित होते, ते कमी झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पदवीच्या पहिल्या वर्षी आंशिक विकलन, फूर्ये श्रेढी, मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये, दुहेरी व तिहेरी संकलन हे भाग आहेत. दुसऱ्या वर्षीच्या ‘एम-थ्री’त उच्च कोटीची रैखिक विकल समीकरणे, फूर्ये रूपांतर, झेड रूपांतर, संख्याशास्त्र, संभाव्यता वगैरे. ज्याने फूर्ये श्रेढी पाहिलेलीच नाही त्याच्यापुढे फूर्ये रूपांतर येऊन उभे राहते. त्यातून, पदविकेचे गणित संपून मध्ये दोन वर्षे लोटलेली असतात.

ह्याहून एक पाऊल मागे गेल्यास चित्र अधिकच बोलके होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. पदविकेचे गणित सारे पहिल्या वर्षात. म्हणजे दहावीनंतर आय. टी. आय., तेथून पदविकेचे दुसरे वर्ष, तेथून पदवीचे दुसरे वर्ष, असा प्रवास करणारा विद्यार्थी प्रत्येक वेळी नेमक्या त्याच वर्षावरून उडी मारतो ज्यात गणित आहे. दोन्ही उड्या नियमाला धरून आहेत. चाकणच्या मोटारकारखान्यांत २००९-१० नंतर मनुष्यबळाची जी मागणी वाढली तिने ह्या मार्गाला बळच दिले असेल. एकेकाळी संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव आता दहावी झालेल्या मुलांपुढे असले जिने उभे करते.

इतका वेळ ‘एम-थ्री’विषयी लिहिले, कारण सर्वांचा धाक त्याचाच आहे. परंतु संगणकशाखेपुरते बोलावयाचे तर खरे अंतर तेथे नाही, असे मला वाटते. ‘एम-थ्री’ हे गणित कठीण असले तरी ओळखीच्या जातीचे आहे. सूत्र द्यावे, संख्या घालाव्यात, उत्तर काढावे, ही रीत पदविकेच्या विद्यार्थ्याला अंगवळणी पडलेली असते. खासगी शिकवणीवाले हेच ओळखून त्याला पाच-पन्नास उदाहरणे घोटून घेऊन तारून नेतात. ज्याची जातच अनोळखी आहे असे गणित त्याच दुसऱ्या वर्षात, आणि तेही आधीच्या सत्रात, असते. ते म्हणजे विविक्त गणित : संच, तर्क, संबंध, मोजणी, आलेख. संगणकशास्त्राचा पाया म्हणावा तो हाच. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणितात संच, गणिती विगमन, मांडण्या आणि निवडी मोजण्याचे गणित आणि गणिती तर्कशास्त्र हे सारे येते. पदविकेच्या गणितात ते येत नाही. ओव्हरसीअरला ते कधी लागलेच नव्हते. ज्या मापाने १८५४ नंतरचे दुय्यम गणित कापले गेले तेच माप पुढे संगणकाच्या पदविकेला वारशाने मिळाले, आणि संगणकाला क्षेत्रफळापेक्षा तर्क अधिक लागतो हे कापताना कोणाच्या ध्यानी आले नाही.

प्रश्नपत्रिकांतील आज्ञार्थी क्रियापदांकडे पाहावे. पदविकेच्या गणितात ‘किंमत काढा’, ‘सोडवा’, ‘शोधा’ ही क्रियापदे राज्य करतात. ‘सिद्ध करा’ हेही येते, पण बहुधा त्रिकोणमितीत, आणि तेथे त्याचा अर्थ डाव्या बाजूची उलटापालट करून उजवी बाजू आणणे एवढाच असतो. विविक्त गणितातील ‘सिद्ध करा’ निराळे आहे. ते म्हणते : कोणतीही पूर्णांक संख्या घेतली तरी हे खरे आहे, असे वाक्यांच्या साखळीने पटवून द्या. येथे गणित म्हणजे वाक्यरचनाच होय.

आणि वाक्यरचना दैनंदिन भाषेहून वेगळी असते. ‘सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ ह्या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात : एकही झाला नाही, किंवा काही राहिले. बोलताना सूर आणि प्रसंग ह्यांवरून आपण अर्थ ठरवितो. तर्कशास्त्रात तो चिन्हांनी ठरवावा लागतो. ‘पाऊस आला तर मी येणार नाही’ असे कोणी म्हटले, म्हणजे पाऊस न आल्यास तो येईल असे आपण धरून चालतो. व्यवहारात ते रास्तच आहे, पण गणितातील ‘जर–तर’ तसे वचन देत नाही. काही वर्षांपूर्वी परिभाषेवरील एका व्याख्यानानंतर पदविकेतून आलेला एक विद्यार्थी मला भेटला. त्याने विचारले, ‘सर, पाऊस आलाच नाही, तरी ते वाक्य खरं कसं धरायचं?’ प्रश्न भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शोभावा असा होता. त्याला मात्र वाटत होते, की आपले इंग्रजी कच्चे म्हणून आपल्याला हे कळत नाही.

इंग्रजीचा संबंध नाही असे नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा ‘निश्चयक’, ‘बहुपदी’, ‘संभाव्यता’ हे शब्द शिकून तंत्रनिकेतनात येतो, आणि तेथे त्याच वस्तू इंग्रजी नावांनी पुन्हा भेटतात. आपल्याकडे परिभाषाही एकजिनसी नाही. कोणी ‘विकलन’ म्हणतो, मराठी विश्वकोशात ‘अवकलन’ आहे. २०२१ साली ह्या दिशेने काही हालचाल झाली. देशातील आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांना प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती मिळाली, आणि महाराष्ट्रातून तीत निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक अभियांत्रिकीचा समावेश झाला. जर्व्हिसनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, कारखान्यांच्या ह्या गावात, हटनच्या जागी संगणक आला. हा प्रयोग स्वागतार्ह आहे. पण मराठी पुस्तक पहिल्या वर्षापासून येणाऱ्याच्या हाती प्रथम पडते, आणि आपला विद्यार्थी पहिल्या वर्षी तेथे नसतो. शिवाय ‘जर–तर’ची अडचण मराठीतून शिकविल्याने आपोआप सुटत नाही. मराठीत ती अधिक उघडपणे दाखविता येते, एवढेच. शिक्षकाने ती दाखविली पाहिजे.

त्याच २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमपुस्तिकेने पदवीप्रवेशासाठी बारावीच्या विषयांची निवड सैल केली, आणि वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, पदार्थविज्ञान, आरेखन ह्यांचे सेतू-अभ्यासक्रम चालवावेत असे सुचविले. ‘गणिताशिवाय अभियंता?’ म्हणून देशभर गहजब झाला आणि परिषदेला खुलासा करावा लागला. त्या वादात बारावीला गणित न घेता येऊ शकणाऱ्या, म्हणजे अद्याप न आलेल्या विद्यार्थ्याची चिंता पुष्कळ झाली. दरवर्षी दुसऱ्या वर्षात येऊन बसणाऱ्याची फारशी झाल्याचे माझ्या वाचनात नाही. १९८६ च्या धोरणातील ‘सेतू’ हा शब्द मात्र पस्तीस वर्षांनी पुन्हा छापून आला.

काही महाविद्यालये असे वर्ग घेतात, आणि तेथील अध्यापक मनापासून शिकवितात. त्यांची अडचण वेळापत्रकाची आहे. थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशफेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीचा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा सत्र चालू होऊन काही आठवडे झालेले असतात. २०१९ च्या अभ्यासक्रमात विविक्त गणित ह्याच सत्रात आहे, आणि त्याचा पहिला घटक ‘संच व तर्क’ हा आहे. गणिती विगमनही त्यातच. ज्याला तो सर्वांत अधिक हवा, तो वर्गात पाऊल ठेवतो तेव्हा फळ्यावर दुसरा घटक सुरू झालेला असतो. मला पावसाविषयी विचारणारा विद्यार्थीही असाच उशिरा आलेला होता. पहिला घटक त्याने एका मित्राच्या वहीवरून उतरवून घेतला होता, आणि ‘जर–तर’च्या सत्यसारणीच्या शेवटच्या दोन ओळींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढून ठेवली होती.